कॅरॅव्हॅनचं ऑनिंग: समुद्रकाठी रात्री उघडं ठेवायचं का?

सांगलीकर_मेलबर्न

नमस्कार मंडळी. थोडी जुनी कॅरॅव्हॅन घेतली आहे, अठरा फुटी. डाव्या बाजूला गुंडाळीचं ऑनिंग (सावलीसाठी बाहेर ओढायचं छप्पर) आहे, स्प्रिंगच्या रोलरवर, विनाइलचं. मोटर नाही, हुकाच्या काठीने ओढायचं. घराच्या ड्राइव्हवेवर उघडून पाहिलं, छान सावली पडते.

डिसेंबरअखेर आई-बाबा येताहेत. ग्रेट ओशन रोडने पोर्ट फेरी, तिथून रोब आणि पुढे ॲडलेड असा बेत आहे. बाबांना ऊन सोसत नाही. आईने फोटो बघूनच सांगितलंय की आत काही तळायचं नाही, गादीला वास लागतो. म्हणजे दिवसाचा बराच वेळ आमचा मुक्काम ऑनिंगखालीच.

आता शंका. रात्री ते उघडं ठेवलं तर चालतं का? आर्म, म्हणजे दोन्ही टोकांचे आधाराचे दांडे, कॅरॅव्हॅनच्या भिंतीलाच ठेवायचे की खालून सोडवून जमिनीवर सरळ उभे करायचे? वाळूत पेग (दोर बांधायच्या खुंट्या) टिकतात का? पावसात भिजलं आणि निघायचं असेल तर ओलंच गुंडाळायचं का? शेवटची शंका म्हणजे आधीच्या मालकाने दोन्ही आर्मना वेल्क्रोचे पट्टे बांधले होते. लिव्हरला लॉक असताना त्यांची गरज काय, की त्याचा स्वभावच घाबरट होता?

पेगवाला

रात्री बंद. विषय संपला.

रत्नांग्री_ते_जिलाँग

पेगवाले, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण त्याला कारणं तर कळू देत.

तू आमच्या मुलाच्या वयाचा वाटतोस, म्हणून अरे-तुरे करते. तुझ्या यादीत पेगचा नंबर खूप वर लागलाय. पहिला प्रश्न असा हवा की तू समुद्रावर गेलास आणि वारा सुटला, तर ऑनिंग मिटणार कोण? आई-बाबांना ते झेपायचं नाही आणि त्यांनी प्रयत्नही करू नये. तुझी बायको मिटू शकते का? नसेल तर निघायच्या आधी ड्राइव्हवेवर तिच्या हातून करून घे, तू नुसता बाजूला उभा राहा. आमच्याकडे नियम एवढाच: बाथरूमपर्यंत जायचं असेल तर उघडं, गाडीची किल्ली हातात घेतली की बंद. हे मला बोलून बोलून ह्यांच्या अंगवळणी पाडावं लागलं, ते वेगळं.

एवढी घाई कशासाठी, तर व्हिक्टोरियाचा उन्हाळी वारा. सकाळपासून उत्तरेचा गरम वारा वाहतो, वाळवंटातून आलेला. दुपारी नाहीतर संध्याकाळी नैऋत्येकडून चेंज येतो. दिशा काही मिनिटांत फिरते. सकाळी तुझं ऑनिंग कॅरॅव्हॅनच्या आडोशाला निवांत असतं, तेच चेंजनंतर वाऱ्याच्या तोंडावर येतं. कॅरॅव्हॅन पार्कमध्ये जागा नेमून दिलेली असते, त्यामुळे तोंड कुठे करायचं हे बहुतेक आपल्या हातात नसतं. म्हणून सकाळी चहा पिताना हवामान खात्याच्या पानावर चेंजची वेळ बघ. तासागणिक वारा दिलेला असतो. पोर्ट फेरी आणि रोब दोन्ही उघड्या समुद्राला लागून, तिथे मोठी टेकडी आडवी नाही.

आता आर्म. उभे केले की डोक्याला लागत नाहीत, येण्याजाण्याला मोकळं होतं, फोटोही छान येतो. पण मग सगळा भार जमिनीत रोवलेल्या पेगवर. भिंतीला ठेवले तर कॅरॅव्हॅन आणि ऑनिंग एकत्र हलतात. समुद्रकाठी मी भिंतीलाच ठेवते. बाबा उंच असतील तर त्यांना एक-दोनदा डोकं आपटेल, मग सवय होईल.

दोर मात्र आर्म कुठेही असले तरी बांध. रोलरच्या दोन्ही टोकांपासून बाहेरच्या बाजूला तिरपा, मध्ये दोराची छोटी स्प्रिंग घालून, म्हणजे झटका आला तरी पेग उपटत नाही. पेगचं डोकं कॅरॅव्हॅनपासून लांब झुकलेलं हवं. सरळ ठोकलेला पेग वाळूतून केकातल्या मेणबत्तीसारखा वर येतो. वाळूसाठी स्क्रूसारखे लांब पेग मिळतात, ते घे आणि हातानेच फिरवून बसव. दोराला लाल रिबन बांध, तुझ्या आईचा पाय अडकेल. संध्याकाळी राखाडी दोर मलाही दिसत नाही.

ओढीपेक्षा फडफडीने कापड लवकर मरतं. कडेची शिलाई उसवते आणि मग तिथूनच फाटत जातं. कापडाची कड राफ्टरला (भिंतीपासून रोलरपर्यंतच्या दांड्याला) चिमट्याने पकडणारे अँटी-फ्लॅप मिळतात, दोन्ही बाजूंना लाव. रात्रीचा आवाजही बंद होतो.

पाऊस येणार असेल तर एका बाजूचा आर्म वीतभर खाली घे. पाणी एका कोपऱ्यातून निघून जातं. दोन्ही बाजू समान ठेवल्यास मध्ये पोट सुटतं.

ओलं गुंडाळावं लागलं तर गुंडाळ, पण पुढच्या मुक्कामाला पोचल्यावर आधी ऑनिंग उघड, चहा मागाहून. विनाइल गुंडाळीत दोन-तीन दिवस ओलं राहिलं की काळे ठिपके धरतं, ते पुढे घासूनही पुरते जात नाहीत. गुंडाळण्याआधी वरची पानं, गमनट (निलगिरीची टणक फळं) आणि पक्ष्यांची कृपा झाडूने काढून टाक. समुद्रकाठून घरी आल्यावर साध्या पाण्याने खाराचा थर धू, कापडाचा आणि आर्मचाही.

गुंडाळताना लिव्हर 'वर'च्या बाजूला केलास की स्प्रिंग ओढ घेते. ओढायची पट्टी मध्यावर आणून हातात घट्ट धर आणि सावकाश जाऊ दे. सोडलीस तर रोलर धाडकन भिंतीवर आपटतो.

आधीचा मालक घाबरट नव्हता, शहाणा होता. ते पट्टे फेकू नकोस. समोरून ट्रक आला किंवा आडवा वारा लागला की हवा गुंडाळीच्या कडेत शिरते. एकदा रोलर फिरायला लागला की कापड हवेने भरतं आणि मग हायवेवर काय होतं ते सांगायला नको. लिव्हर लॉक, दोन्ही आर्मचे लॉक, काळ्या नॉब घट्ट, आणि वरून पट्टे. ऑनिंग डाव्या बाजूला, तू उजवीकडे बसलेला, आरशात अर्धवटच दिसणार. त्यामुळे निघताना डावीकडून एक फेरी मारायचीच.

हिशेबनीस_व्हायला

काकूंनी सांगितलंय ते सगळं मान्य. आकडे मी देतो, म्हणजे तुमच्या बाबांना पटेल. (ते इंजिनिअर नसले तरी सांगलीचे आहेत, हिशेब विचारतीलच.)

ऑनिंग ४ मीटर लांब आणि २.५ मीटर बाहेर धरा, म्हणजे १० चौरस मीटर. ताशी ४० किमी वाऱ्याचा दाब साधारण ७५ पास्कल. सगळं कापड वाऱ्याने पकडलं तर ७५० न्यूटन, साधारण ७५ किलोचा भार, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस ऑनिंगला खालून वर ढकलतोय. ६० किमीला हाच आकडा १७० किलोच्या आसपास जातो आणि ८० ला ३०० किलो. वेग दुप्पट, जोर चौपट. प्रत्यक्षात कापडाचा कोन आणि आडोसा यांनी कमी-जास्त होईल, पण अंदाज यावा म्हणून.

पावसाचंही तसंच. १० मिलिमीटर पाऊस या कापडावर साठला तर १०० लिटर, म्हणजे १०० किलो. आर्म वीतभर खाली घ्यायचा तो यासाठी.

दुसरं, खात्याच्या अंदाजातला आकडा सरासरी वाऱ्याचा असतो. झोत त्याहून ४० टक्के जास्त असू शकतात, हे ते स्वतःच सागरी अंदाजात लिहितात. ३० लिहिलं असेल तर ४२ चा झोत धरा. किनाऱ्यालगत स्ट्राँग विंड वॉर्निंग २६ नॉटला लागते, म्हणजे ताशी ४८ किमी, झोतांसकट ६७. ती लागली की उघडायचा विचारही नको. माझी स्वतःची रेघ सरासरी ३० ची.

आणि दोरांबद्दल एक गोष्ट कोणी बोलत नाही. दोर वाऱ्याचा जोर कमी करत नाही, तो फक्त दुसरीकडे पाठवतो. पेग पक्का असेल तर आर्म वाकतो. आर्म टिकला तर कापड फाटतं, किंवा भिंतीतले स्क्रू उपटतात, आणि तिथून पाणी आत शिरलं की लाकडी सांगाडा कुजतो. मला विचाराल तर पेग उपटणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त नुकसान. दोर हे पहिल्या झोतापासून मिटेपर्यंतच्या पाच मिनिटांसाठी असतात. त्यांच्या भरवशावर झोपू नका.

मरेकाठी

रात्री बंद, हा फतवा सगळीकडे लागू नाही. आम्ही एचुकाला नदीकाठी जातो, समुद्रापासून पुष्कळ आत. अंदाज स्वच्छ असेल, झाडंही हलत नसतील, तर मी उघडं ठेवून झोपतो. खुर्च्या, बूट, आईची चटई दवात भिजत नाही. ऑनिंग भिजतं, पण नऊ वाजेपर्यंत ऊन त्याला वाळवतं.

फक्त सावलीच्या मोहाने रेड गमखाली (नदीकाठची मोठी निलगिरी) कॅरॅव्हॅन लावू नका. उन्हाळ्यात त्यांच्या जाडजूड फांद्या वारा नसतानाही अचानक मोडून पडतात. त्यापुढे ऑनिंग काय आणि कॅरॅव्हॅन काय.

रत्नांग्री_ते_जिलाँग

मरेकाठी, नदीकाठी मीही ठेवीन. तो पोर्ट फेरीला चाललाय.

सांगलीकर_मेलबर्न

सगळ्यांचे आभार. हिशेबनीसांचे आकडे बाबांना फोनवर वाचून दाखवले. "मग उघडायचंच कशाला?" असं म्हणाले.

आणखी एक. गुंडाळताना शेवटचा फूटभर रोलर आळस करतो, हाताने ढकलावं लागतं. मध्ये थोडा झोळही राहतो. टोकाचं झाकण काढून स्प्रिंगला चार वेढे जास्त द्यावेत असं मनात आहे. स्क्रू तर साधेच दिसतात.

हिशेबनीस_व्हायला

नको! स्क्रू साधे आहेत, आतली स्प्रिंग साधी नाही. ती ताणलेल्या अवस्थेतच बसवलेली असते. रोलर पिनने अडकवल्याशिवाय झाकण सोडवलं तर ते हातात गरागरा फिरतं आणि मनगट नाहीतर बोटं जातात. काम दोन माणसांचं आहे आणि वेढे किती ते मॉडेलवर अवलंबून. दुकानात न्या. तिथे कापड रोलरवर सरळ बसलंय का तेही बघायला सांगा. एका बाजूला सरकलं असेल तरीही असाच झोळ पडतो, मग स्प्रिंगला हात लावायची गरजच नाही.

आईंच्या तळणाबद्दल: शेगडी ऑनिंगखाली नको, कडेपासूनही चांगली लांब. विनाइलला आच सोसत नाही. टोटल फायर बॅनच्या (उघड्यावर आग पेटवायला बंदी) दिवशी काय चालतं आणि काय नाही ते अग्निशमन खात्याच्या पानावर वाचूनच शेगडी काढा. व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे आहेत, तुम्ही दोन्हीकडे जाताय. आणि बॅनचा दिवस हा पुष्कळदा चेंजचाच दिवस असतो. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नचा पारा ४६.४ ला गेला, संध्याकाळी वारा नैऋत्येला फिरला आणि वणव्याची अख्खी बाजू नवं तोंड होऊन पुढे सरकली. असा दिवस जाहीर झाला की सकाळीच ऑनिंग मिटा, आणि आई-बाबांना लायब्ररीत नाहीतर एसी असलेल्या कॅफेत बसवा.

रत्नांग्री_ते_जिलाँग

बहुतेक पार्कात कॅम्प किचन असतं, तिथे आईला भजी तळू दे. कांदे चिरायला येईल कोणी ना कोणी, मी पाहिलंय.

आणि जिलाँग वाटेतच लागतं. आधीच्या मालकाचे वेल्क्रो झिजले असतील तर ते फक्त दिसायलाच घट्ट असतात, ओढून बघ. आमच्याकडे बकलचे दोन पट्टे जास्तीचे पडलेत, मेसेज कर. किती लांब हवेत ते मात्र आर्मभोवती दोरी गुंडाळून मोजून कळव.