बालगंधर्वांच्या पदराने नेमके काय सिद्ध होते?

मूळ लेखन

१९११ साली ‘मानापमान’मधली भामिनी आणि १९१६ साली ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी साकारणारे बालगंधर्व पुरुष होते. तरीही त्या काळातल्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया लुगडे कसे नेसावे, पदर कसा घ्यावा, केसांत फुले कशी माळावीत हे त्यांच्याकडे पाहून ठरवू लागल्या होत्या. ज्याला आपण उपजत स्त्रीत्व म्हणतो ते एका पुरुषाने तालमीने कमावले आणि बायकांनी त्याच्याकडून उचलले. यावरून स्त्रीत्व अंगवळणी पडत जाते, असे माझे ठाम मत आहे. लहानपणी मी पायरीवर ऐसपैस बसले की आजी गुडघ्यावर चापट मारून म्हणायची, “पाय जवळ घे, मुलीच्या जातीला शोभत नाही.” जे जन्मतःच अंगात असते, त्यासाठी रोज चापट कशाला लागली असती?

प्रतिसाद १

‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, याचे कौतुक आपण शंभर वर्षे करत आलो आहोत. ते लेकरू नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाईची आठवण मात्र कोणी काढत नाही, आणि तिच्यासारख्या घरंदाज बाईला त्या रंगमंचावर पाऊल ठेवण्याची सोयही नव्हती. शिवाय सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसणाऱ्या गर्भाने कोणते वळण गिरवलेले असते? गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांआधी, १९८८ साली केला. तरी २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४च मुली होत्या. ज्या जन्मालाच आल्या नाहीत, त्या केवळ देहावरून ओळखल्या गेल्या होत्या.

धागाकर्तीचे उत्तर

त्या आईचा मुद्दा मला लागला. मूळ लेखनात तिला जागा द्यायला हवी होती. सोनोग्राफीबद्दल मात्र मी असहमत आहे. यंत्राला दिसतो तो अवयव. ‘परक्याचे धन’, हुंड्याचा बोजा, वंश न चालवणारी संतती हे अर्थ त्याला घरच्या बैठकीत चिकटवले जातात. त्या देहाने पुढे वठवायची म्हणून ठरून गेलेली भूमिका घरच्यांना नको असते.

प्रतिसाद २

अंगवळणी पडणे हेच सर्वस्व असेल, तर वीस-वीस वर्षे मुलगा म्हणून वाढवलेल्या, ‘बायल्या’ म्हणून हिणवलेल्या, प्रसंगी घरच्यांचा मार खाल्लेल्या कितीतरी तृतीयपंथी व्यक्ती आतून स्त्रीच कशा राहतात? आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला. आजीच्या चापटीने तुम्हाला वळण लागले असेल, पण यांना त्याहून कितीतरी जोराच्या चापटा बसूनही ते लागले नाही. देह विरोधात आणि तालीमही विरोधात असताना जे टिकून राहते, त्याला तुम्हा दोघांच्याही मांडणीत जागा कुठे आहे?