मदत हवी आहे: शाफ्टचा बुश रबरी घ्यावा की नायलॉनचा?

मंडळी, २८ फुटी फायबरची शिडाची बोट आहे, एरवी गेटवेसमोर मूरिंगवर असते. पावसाळ्यासाठी वर ओढली, शेवाळ-शिंपले खरवडले आणि सहज पंखा धरून वरखाली हलवला, तर शाफ्ट (इंजिनपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा) बुशात, म्हणजे तो ज्या नळीत टेकून फिरतो तिच्यात, खडखडला. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिलं. २५ मिमीच्या शाफ्टला दीड मिमी फट! गेल्या मोसमात इंजिनचा वेग वाढवला की सगळ्या फळ्या थरथरायच्या. मी आपला इंजिन ज्यावर बसवलंय त्या माउंटिंगला शिव्या घालत होतो.

आताचा बुश पितळी नळीचा, आत खाचा पाडलेलं रबर. खाचांतून खेळणारं पाणी हेच त्याचं वंगण. पण आपल्या बंदराचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे, भरतीला चहा आणि ओहोटीला कॉफी. ओळखीचा लेथवाला म्हणतो, "साहेब, नायलॉनचा काढून देतो, संध्याकाळी घेऊन जा." स्वस्तही पडेल. चालेल का?

दुसरं, जुना बुश ब्रॅकेटमध्ये (बुडाखाली बुश धरून ठेवणारा आधार) गच्च बसलाय. ठोकायची हिंमत होत नाही. ब्रॅकेट बुडापाशी हललं तर थेट पाणी आत.

प्रतिसाद १
नायलॉन नको. ते पाणी पिऊन फुगतं आणि शाफ्टला आवळतं. शिवाय रेतीचे कण त्यात रुतून बसतात, मग बुशाची कानस होते. रबरात कण दबतो आणि घरंगळत खाचेत जाऊन पाण्याबरोबर निघून जातो. गढूळ पाण्यात रबरीच. लांबी शाफ्टच्या चौपट, म्हणजे १०० मिमी.

ठोकू तर मुळीच नका. आधी ब्रॅकेटचे ग्रब स्क्रू (बुश जागेवर धरणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू) काढा, शाफ्ट मागे ओढून घ्या, मग हॅक्सॉचं पातं नळीत घालून आतून लांबीला दोन चिरा द्या. फक्त पितळ कापायचं, ब्रॅकेटला पातं लागता कामा नये. मधली पट्टी निघाली की नळी सैल पडते. नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, आक्रसतो. शाफ्ट घालताना ग्रीस नाही, साबणाचं पाणी.

जुना एकाच बाजूने झिजलाय का? तसं असेल तर अलाइनमेंट गेलंय, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. ते बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनीच तपासा, जमिनीवर बुडाचा आकार थोडा बदलतो. कपलिंगच्या (इंजिनकडची बाजू आणि शाफ्ट यांचा जोड) दोन तोंडांमधली फट चारी बाजूंनी मोजा. १०० मिमी व्यासाच्या फ्लँजला (कपलिंगची गोल चकती) ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

धागाकर्ता
हो, एकाच बाजूने! मार्चमध्ये जाळ्याचा दोर पंख्यात अडकून इंजिन झटक्यात बंद पडलं होतं. माउंटिंग तेव्हाच सरकलं असणार, म्हणजे शिव्या अगदीच वाया गेल्या नाहीत. पण आता बघतो तर शाफ्टवरही नखाला लागेल अशी खाच पडली आहे. तोही बदलावा लागेल का?