चर्चा: लंडनच्या राणीसाठी आपला झेंडा अर्ध्यावर का?

पंचगंगाकाठ: काल, १९ सप्टेंबर २०२२ ला, राणी एलिझाबेथची अंत्ययात्रा टीव्हीवर बघितली. ८ तारखेला बाई गेल्या आणि ११ ला आपल्या सरकारनं एक दिवसाचा दुखवटा पाळला. रविवार होता, वर गणपती विसर्जनाचा शीण, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बाईंशी माझं वैर नाही. ७० वर्षं गादी सांभाळली. पण आपल्या कोल्हापूरचे राजे शिवाजी चौथे? वेडे ठरवून नगरला डांबले आणि २५ डिसेंबर १८८३ ला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले. वय वीस. त्यांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून आधीच्या वर्षी टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तेव्हा गादीवर याच राणीची खापरपणजी होती. त्या घराण्यासाठी आपण झेंडा उतरवायचा?

बिंदूचौकी: भावा, दुखवटा घराण्याचा नसतो, देशादेशांतली रीत असते ती. मे महिन्यात यूएईचे शेख खलिफा गेले, जुलैत जपानचे शिंझो आबे गेले, दोन्ही वेळा एकेक दिवस पाळला. तेव्हा कुठं होतास? आणि पाळायचं म्हणजे काय, रोज झेंडा लागतो त्या इमारतींवर तो अर्ध्यावर, सरकारी करमणूक बंद. सुट्टीसुद्धा नाही. बांधावरून भांडण असलं तरी शेजाऱ्याच्या मातीला जातोच की आपण.

पंचगंगाकाठ: मातीला जातो. सुतक धरत नाही.

जुनी पेठ: त्या सोहळ्याचं फार कौतुक चाललंय म्हणून सांगतो. काल शवपेटीचा तोफगाडा १४२ नौसैनिक ओढत होते. बघणाऱ्याला वाटतं, केवढी पुरातन परंपरा! १९०१ साली व्हिक्टोरियाच्या अंत्ययात्रेत ऐन वेळी घोड्यांनी घोळ घातला, म्हणून खलाशांच्या हातात दोर दिले. तीच पुढं परंपरा झाली. (तरी शेवटपर्यंत टीव्हीसमोरून हललो नाही, हेही खरंच.)

पण परक्या राजाला मान देण्यात कमीपणा नसतो. शाहू महाराजांच्या आधीचे आपले राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. त्या गावानं चिता कधी बघितली नव्हती. तरी परवानगी मिळाली आणि आर्नो-मुन्योनेच्या संगमावर दहन झालं. त्या जागी छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा अजून आहे. जवळच्या पुलाला तिथले लोक ‘इंडियनचा पूल’ म्हणतात.

उचगाव फाटा: आबा, इटलीनं आपल्यावर राज्य केलं नव्हतं, आपण तिच्यावर नाही. हिशोबच वेगळा.

दसरा चौक: हुकूम काढून कुणाला रडू येत नाही. ६ मेला शाहू महाराजांना जाऊन १०० वर्षं झाली, सकाळी १० वाजता १०० सेकंद शहर थांबलं. मी सिग्नलला होतो. केएमटीच्या (शहर बसच्या) ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, शेजारच्या मोपेडवरच्या मावशी भाजीची पिशवी तशीच हातात धरून खाली उतरल्या. मागं एकानं हॉर्न मारला, तर सगळ्यांनी वळून असं बघितलं की बिचारा पाणी पाणी झाला. याला म्हणायचं दुखवटा.

बिंदूचौकी: ते आवाहनही प्रशासनाचंच होतं, मालक.

दसरा चौक: आवाहन होतं. मावशींना कुणी खाली उतरवलं नव्हतं.

बिंदूचौकी: मग लंडनच्या रांगेत रात्र रात्र उभं राहणाऱ्यांना तरी कुणी उभं केलं होतं?

पंचगंगाकाठ: त्यांची राणी, त्यांनी खुशाल उभं राहावं. पण ‘आम्हाला राजा नको’ म्हणणाऱ्या काही जणांना तिथल्याच पोलिसांनी उचललं, तेही सांगा की.

जुनी पेठ: ते चुकलंच. पण इथं तुला कोण उचलतंय? रविवारी तुझ्यावर काय सक्ती झाली? मिसळ खाऊन रंकाळ्यावर फिरलाच असशील.

पंचगंगाकाठ: फिरलो, आबा. पण तो खांब आमच्याच करातला आहे. त्यावरचा झेंडा कुणासाठी खाली येतोय, हे मी विचारणारच.