दांड्यातला गॅस थेट कृष्णविवरात का पडत नाही?

काही सर्पिल दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) मध्यातून ताऱ्यांचा लांबट पट्टा जातो, तोच दांडा. वर विचारलंय की हा दांडा गॅस आत ढकलतो तर तो थेट केंद्रातल्या कृष्णविवरात का जात नाही. अहो, तारे एकमेकांना न धडकता निघून जातात पण गॅसचे ढग एकमेकांवर आपटतात, दांड्याच्या पुढच्या कडेला शॉक म्हणजे धक्कालाट बसते (दीर्घिकांच्या फोटोतल्या काळ्या धुळीच्या रेघा त्याच), तिथे कोनीय संवेग (केंद्राभोवती फिरण्याचा जोर) गमावून गॅस आत घसरतो खरा, पण सगळा संवेग जात नाही ना, म्हणून बराचसा केंद्राभोवतीच्या कड्यात साठतो आणि तिथे धडाधड तारे जन्मतात. एनजीसी १०९७ या दांडा असलेल्या दीर्घिकेचं कडं बघाच, सुमारे ५००० प्रकाशवर्षं व्यासाचं, निव्वळ अप्रतिम! गुहागरकडे डिसेंबरात अंधाऱ्या किनाऱ्यावरून आठ इंची दुर्बिणीत तिचा फक्त उजळ गाभा आणि पुसट दांडा दिसतो, कडं नाही. कड्यातून पुढे आत जायला वेगळं काहीतरी लागतं, आतला छोटा दांडा किंवा धुळीचे सर्पिल धागे, आणि मला तरी खरी मजा तिथेच वाटते.