मदत हवी आहे : चौथ्या क्रमांकाचा संघ अंतिम सामन्यात कसा पोहोचला?

पावशेर_पोहे (धागाकर्ता)
नमस्कार. मंडळाच्या अंकासाठी आमच्या शहराच्या संघावर एक लेख लिहीत आहे आणि तो आज रात्री संपादकांकडे पोहोचायला हवा. सगळे लिहून झाले आहे, फक्त एका जागी अडलो आहे. गुणतालिकेनुसार संघ आपल्या विभागात चौथा होता. विभागातून बाद फेरीत तीनच संघ जात होते. तरीही हा संघ बाद फेरीत तर आहेच, पण पुढे चक्क अंतिम सामनाही खेळला आहे. तालिका चुकीची आहे की नियम? ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांनीच कृपया उत्तर द्यावे. गूगलवर शोधा असे सांगू नये, ते करून झाले आहे.

अनुस्वार
कोणता खेळ, कोणता संघ आणि कोणते वर्ष, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. ‘आमचे शहर’ म्हणजे सोलापूर की सॅन होजे, हेही वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

खडीसाखर
मंडळाचा अंक आणि विभाग असे दोन्ही उल्लेख आहेत, त्याअर्थी आपण अमेरिकेत आहात आणि प्रश्न तिथल्या फुटबॉलचा आहे. उत्तर सोपे आहे. एनएफएलमध्ये प्रत्येक कॉन्फरन्समधून चार गटविजेते आणि त्यांच्याखेरीज तीन ‘वाइल्ड कार्ड’ संघ बाद फेरीत जातात. आपला संघ वाइल्ड कार्डवर आत गेला असणार. लेखात तसे बिनदिक्कत लिहा.

पावशेर_पोहे
फुटबॉल नाही, रग्बी. मेजर लीग रग्बी या स्पर्धेतला सीॲटल सीवुल्व्हज हा संघ. वाइल्ड कार्डचा येथे काही संबंध नाही. वेळ थोडा आहे, कृपया मुद्द्यावर यावे.

दुसरी_फळी
मी बरीच वर्षे रग्बी खेळलो असल्यामुळे खात्रीने सांगतो की आपण केवळ विजय मोजलेले आहेत. रग्बीच्या साखळीत विजयाला ४ आणि बरोबरीला २ गुण मिळतात. त्याशिवाय एका सामन्यात चार किंवा अधिक ट्राय (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) केल्यास १ बोनस गुण आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरल्यास पराभूत संघालाही १ बोनस गुण मिळतो. त्यामुळे कमी सामने जिंकलेला संघ जास्त जिंकलेल्या संघाच्या वर जाऊ शकतो. ट्रायचे ५, त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे २, पेनल्टी आणि ड्रॉप गोल यांचे प्रत्येकी ३ हा हिशेब सामन्यातला आहे, तालिकेतला नाही. नवे वाचक या दोन्हींची हमखास गल्लत करतात. बोनस गुण मिळवून तालिका पुन्हा मांडा, संघ तिसरा येईल.

पावशेर_पोहे
मी काहीही मोजलेले नाही. बोनस गुण धरलेली तयार तालिका समोर आहे आणि तिच्यात सीॲटल चौथा आहे.

दुसरी_फळी
मग ती तालिकाच चुकीची असेल.

टुकविलाकर
तालिकेला दोष देण्यापूर्वी वर्ष सांगावे, कारण सारे उत्तर वर्षावर अवलंबून आहे. २०१८ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा एकूण सातच संघ होते आणि विभाग नव्हते. पहिले चार थेट उपांत्य फेरीत जात असत, तेव्हा चौथा असणे पुरेसे होते. अर्थात सीॲटलवर तशी वेळ आली नाही. त्या वर्षी नियोजित प्रशिक्षक टोनी हीली यांच्या व्हिसाचे काम अडल्यामुळे कॅनडाचा स्क्रमहाफ फिल मॅक याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी उचलली, आणि अंतिम सामन्यात ग्लेन्डेल रॅप्टर्सला २३-१९ असे हरवून संघ पहिला विजेता ठरला. २०१९ मध्ये सॅन डिएगो लीजनला त्यांच्याच मैदानावर २६-२३ असे हरवले, तेही अगदी शेवटच्या क्षणी केलेल्या ट्रायच्या बळावर. ही दोन्ही विजेतेपदे आपल्या लेखात असतीलच. प्रश्न यांपैकी कोणत्या वर्षाचा आहे?

पावशेर_पोहे
दोन्ही नाहीत. २०२२. अंतिम सामन्यात न्यूयॉर्ककडून पराभव झाला ते वर्ष.

टुकविलाकर
हे आधी कळते तर पहिल्याच प्रतिसादात उत्तर मिळाले असते. आपली तालिकाही बरोबर आहे आणि नियमही बरोबर आहे. २०२२ मध्ये पश्चिम विभागात ऑस्टिन गिलग्रोनिस पहिला आणि लॉस एंजेलिस गिलटिनिस दुसरा होता. जूनमध्ये साखळी फेरी संपते न संपते तोच स्पर्धेच्या व्यवस्थापनाने आधी ऑस्टिनला आणि लगोलग लॉस एंजेलिसलाही नियमभंगावरून बाद फेरीसाठी अपात्र ठरवले. तिसरा असलेला ह्यूस्टन सेबरकॅट्स त्यामुळे अव्वल मानांकित झाला, चौथ्या सीॲटलला दुसरे मानांकन मिळाले आणि पाचवा सॅन डिएगो तिसरा म्हणून आत आला. सीॲटलने प्रथम सॅन डिएगोला आणि नंतर ह्यूस्टनला हरवून अंतिम फेरी गाठली.

यातला गंभीर भाग असा की लॉस एंजेलिसचा संघ गतविजेता होता. मॅट गिटो आणि ॲडम ॲश्ली-कूपर यांच्यासारखे ऑस्ट्रेलियाचे नामवंत खेळाडू घेऊन त्याने २०२१ च्या पदार्पणाच्या मोसमातच अटलांटाला ३१-१७ असे हरवून विजेतेपद मिळवले होते. असा संघ पुढच्याच वर्षी बाद फेरीच्या दारातून परत पाठवला जातो आणि त्यानंतर पुन्हा मैदानात दिसतच नाही, ही गोष्ट व्यावसायिक क्रीडाविश्वात नेहमी घडणारी नाही. ऑस्टिनचेही तेच झाले. २०२३ च्या मोसमात दोघेही नव्हते. वेतनमर्यादेशी (संघाने खेळाडूंच्या मानधनावर किती खर्च करावा याच्या मर्यादेशी) संबंधित बातम्या तेव्हा आल्या होत्या, परंतु छापील अंकात ‘स्पर्धेच्या नियमांचा भंग’ एवढेच लिहावे असे माझे मत आहे.

कट्ट्यावरचा
दोन्ही संघ ॲडम गिलख्रिस्टचे होते ना? आपल्या डेक्कन चार्जर्सला २००९ मध्ये आयपीएल जिंकून देणाऱ्याला रग्बीत हा उद्योग कशाला सुचला?

अनुस्वार
तो गिलख्रिस्ट यष्टिरक्षक. हे गिलख्रिस्ट एफ-४५ या व्यायामशाळांच्या साखळीचे सहसंस्थापक. दोघेही ऑस्ट्रेलियन असून नाव एकच आहे, एवढाच काय तो संबंध. लेखात यष्टिरक्षकाचे छायाचित्र जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण आपल्या मंडळांच्या अंकांत असे प्रकार होऊ शकतात.

क्विन्सीची_खिंड
धागा सीॲटलवर आहे हे मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. लेखात ‘स्पर्धेतला सर्वांत यशस्वी संघ’ असे काही लिहिले असेल तर ते काढावे. न्यू इंग्लंड फ्री जॅक्सने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली आहेत, आणि त्यांपैकी २०२४ चा अंतिम सामना सीॲटलविरुद्धच २०-११ असा जिंकला आहे. मी बोस्टनजवळ राहत असल्यामुळे हे लिहीत आहे असे कोणी म्हणेल, पण आकडे आकडेच आहेत.

टुकविलाकर
आकडे मान्य आहेत. मात्र २०२२ मध्ये पूर्व विभागात अव्वल असूनही तुमचा संघ क्विन्सीच्या घरच्या मैदानावर न्यूयॉर्ककडून हरला होता आणि सीॲटल तेव्हा अंतिम सामना खेळत होता, हेही आकड्यांतच येते. प्रश्न त्या वर्षाचा आहे.

क्विन्सीची_खिंड
तीन म्हणजे तीन.

जिमखाना_जुना
अमेरिकेतल्या संघांवर इतकी शाई खर्च करण्यापेक्षा अंकात आपल्याकडच्या रग्बीवर लिहावे. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पिढ्यान्‌पिढ्या रग्बी खेळले जात आहे. अभिनेते राहुल बोस तेथूनच भारताच्या संघात गेले आणि पुढे राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीगही झाली आणि ती चेन्नई बुल्सने जिंकली.

दुसरी_फळी
ती सात खेळाडूंची रग्बी. चौदा मिनिटांचा खेळ आणि पंधरा जणांचा ऐंशी मिनिटांचा खेळ यांची तुलना करू नये. सातांच्या खेळात स्क्रमला, म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांच्या आघाडीच्या फळ्यांनी एकमेकांना रेटण्याला, काही अर्थच उरत नाही.

मूळ प्रश्नाविषयी सांगायचे तर अपात्रतेचा मुद्दा मला पटला आहे, पण मग लेखात ‘चौथा’ लिहिणे चुकीचे ठरेल. वरचे दोन संघ बाद झाल्यावर सीॲटल अधिकृतपणे दुसरा आहे.

टुकविलाकर
नाही. त्या दोन संघांचे साखळी सामने रद्द झाले नाहीत, त्या सामन्यांत इतरांनी मिळवलेले किंवा गमावलेले गुणही काढून घेतले नाहीत. केवळ बाद फेरीतला प्रवेश नाकारला गेला. म्हणून तालिकेतले स्थान चौथे आणि बाद फेरीतले मानांकन दुसरे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. दुसरा असे लिहून तालिका शेजारी छापली, तर वाचक उद्या हाच धागा पुन्हा काढेल.

दुसरी_फळी
अपात्र संघाला तालिकेत ठेवणेच मला तत्त्वतः अमान्य आहे.

पावशेर_पोहे
तत्त्वाची चर्चा नंतर करू. पुढील मजकूर पाठवत आहे, कोणाला आक्षेप असल्यास तासाभरात सांगावा :

‘२०२२ साली आयर्लंडचे माजी हूकर (आघाडीच्या फळीतील खेळाडू) ॲलन क्लार्क यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणारा सीॲटल पश्चिम विभागात चौथा होता. मात्र वरचे दोन संघ, ऑस्टिन आणि लॉस एंजेलिस, स्पर्धेच्या नियमांचा भंग केल्याच्या कारणावरून अपात्र ठरल्याने त्याला बाद फेरीत दुसरे मानांकन मिळाले. सॅन डिएगो आणि ह्यूस्टन यांना हरवून संघ अंतिम फेरीत पोहोचला, परंतु न्यूयॉर्क येथे झालेल्या सामन्यात रग्बी न्यूयॉर्कने त्याला ३०-१५ असे पराभूत केले.’

हडसनपार
सामना न्यूयॉर्कमध्ये झालेला नाही. तो रेड बुल अरीनामध्ये झाला आणि ते मैदान हॅरिसन येथे, म्हणजे आमच्या न्यूजर्सीत आहे. नाव न्यूयॉर्कचे आणि मैदान न्यूजर्सीचे हा जुना जुलूम आहे. निदान मराठी अंकात तरी तो होऊ नये. जागा असल्यास हेही लिहावे की त्या दिवशी जिंकलेला संघ २०२३ नंतर बंद पडला. म्हणजे त्या वर्षीचा विजेता आणि अपात्र ठरलेले दोघे, तिन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत.

पावशेर_पोहे
‘न्यूजर्सीतील हॅरिसन येथे’ असे केले आहे. संघ बंद पडल्याचे वाक्यही शेवटी घेतले. मजकूर पाठवला. टुकविलाकर आणि हडसनपार यांचे आभार.

टुकविलाकर
त्याच न्यायाने एक पाहावे : सीवुल्व्हज घरचे सामने स्टारफायर संकुलात खेळतात आणि ते सीॲटलमध्ये नसून दक्षिणेला टुकविला येथे आहे. लेखात ‘सीॲटलमधील मैदान’ असे असेल, तर अंक छापायला जाण्यापूर्वी संपादकांना कळवावे.

पावशेर_पोहे
तसे एकूण दोन ठिकाणी आहे. कळवतो.