ख्रिस्ती चित्रपट इतके कच्चे का राहतात?

वसईचा वारा (मूळ लेखन)

‘गॉड्स नॉट डेड’ हा २०१४ सालचा अमेरिकी चित्रपट मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी आलेला संताप कदाचित माझ्याच मनःस्थितीचा दोष असावा, असे वाटल्याने त्याला आणखी एक संधी दिली होती. ती वाया गेली. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाकडून ‘देव मेला आहे’ असे लिहून घेऊ पाहतो, एक श्रद्धाळू विद्यार्थी नकार देतो आणि काही व्याख्यानांत प्राध्यापकाला निरुत्तर करतो. शेवटी प्राध्यापकाला मोटार धडक देते आणि रस्त्यावर, भर पावसात, प्राण जाता जाता तो ख्रिस्ताला शरण जातो.

मी जन्माने आणि आचरणानेही कॅथलिक आहे, तेव्हा श्रद्धेची टर उडवतो असा आरोप कृपया करू नये. माझी तक्रार खोटेपणाबद्दल आहे. प्राध्यापकाचा निरीश्वरवाद हा विचार नसून लहानपणी आई गेल्यामुळे देवावर धरलेला रुसवा आहे, असे चित्रपट आपल्याला सांगतो, आणि एकदा ते ठरले की त्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याची गरजच उरत नाही. ज्याला हरवायचे त्याला आधीच लंगडा करून आखाड्यात उतरवायचे, आणि मग आपल्या पैलवानाचा जयजयकार करायचा, असा हा प्रकार आहे.

केंड्रिक बंधूंचा ‘फायरप्रूफ’ (२००८) मी त्या मानाने बरा मानतो. मोडायला आलेला संसार सावरू पाहणारा अग्निशमन दलाचा अधिकारी आपले व्यसन सुटावे म्हणून संगणक अंगणात आणून बॅटने फोडतो आणि शेजारचा म्हातारा ते पाहत राहतो, हा प्रसंग खरोखर गमतीचा आहे आणि खराही. परंतु त्या माणसाने येशूचा स्वीकार केला की पुढचा चित्रपट उतारावरून घरंगळत जातो. श्रद्धा आली की अडचणी सुटतात, हा हिशेब ज्याने कधी मनापासून प्रार्थना केली आहे त्याला तरी पटावा कसा? या चित्रपटांची अपकीर्ती समीक्षकांच्या आकसामुळे झाली, असे आपल्यात सर्रास म्हटले जाते. माझ्या मते ती त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवली आहे.

पाळकाचा मुलगा

धागालेखकांशी मी असहमत आहे, आणि त्यांची मोजपट्टीच चुकीची आहे असे मला वाटते. केंड्रिक बंधूंचे हे चित्रपट कोणी काढले, ते आधी पाहा. जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी या गावच्या शेरवुड बाप्टिस्ट चर्चने ते काढले. दिग्दर्शक अलेक्स केंड्रिक त्याच चर्चच्या मंडळीचे एक पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, होते, कामे करणारे बहुतेक लोक मंडळीचेच सभासद होते आणि तेही बिनपगारी. ‘फेसिंग द जायंट्स’ (२००६) सुमारे एक लाख डॉलरांत पुरा झाला. हॉलिवूडमध्ये एवढ्या पैशांत काय होते, ते चित्रपटप्रेमींनीच सांगावे.

‘फायरप्रूफ’चा नायक कर्क कॅमरन आपल्या पत्नीखेरीज दुसऱ्या स्त्रीचे चुंबन पडद्यावरही घेणार नाही असे म्हणाला; म्हणून त्या एका प्रसंगापुरते त्याच्या खऱ्या पत्नीला नायिकेच्या जागी आणून सावलीत उभे केले. लोक यावर हसतात. मला त्यात दिलेला शब्द पाळणारा माणूस दिसतो.

माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. चर्चच्या आवारात दोन बांबूंना पांढरी चादर ताणून १९७९ चा ‘जीजस’ हा चित्रपट दाखवला जाई. त्याचे भाषांतर आजवर दोन हजारांहून अधिक भाषांत झाले आहे आणि आम्ही तो मराठीत पाहिला. ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे असत. तरीही वधस्तंभाचा प्रसंग आला की मागे उभ्या असलेल्या ऊसतोडीच्या बायका पदराने डोळे पुसत, आणि त्यांतल्या कित्येक ख्रिस्ती नव्हत्या. तो चित्रपट कच्चा होता की पक्का, हे ठरवण्याचा अधिकार मी त्या बायकांना देईन. आमच्याकडे उपासनेत माणूस उभा राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो, तेव्हा त्याचे व्याकरण कोणी तपासत नाही.

अटलांटाकर

दोघांच्या बोलण्यात बाजार राहून गेला, म्हणून थोडे लिहितो. मी बावीस वर्षे जॉर्जियात राहतो आणि चर्चच्या गाड्या भरून लोक चित्रपटगृहात येताना पाहिले आहेत. २००४ मध्ये मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ने हे दार उघडले. चर्चनी खेळच्या खेळ विकत घेतले आणि तीन कोटी डॉलरांच्या चित्रपटाने एकट्या उत्तर अमेरिकेत सदतीस कोटी मिळवले, तेही सगळे संवाद अ‍ॅरेमाइक, हिब्रू आणि लॅटिनमध्ये असताना. तिथून पुढे स्टुडिओंना हा प्रेक्षक दिसू लागला.

मात्र त्यामुळे चित्रपटाचा पहिला प्रेक्षक पाळक झाला. प्रदर्शनापूर्वी त्याला चित्रपट दाखवतात आणि तो निःशंकपणे मंडळीला घेऊन येईल की नाही, यावर पहिल्या आठवड्याचे गणित ठरते. शिवी चालत नाही. अनुत्तरित प्रश्न तर त्याहून चालत नाही. केंड्रिक यांच्याच ‘वॉर रूम’ने (२०१५) तीस लाखांच्या खर्चावर सात कोटींहून अधिक मिळवले आणि पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांनी त्याला ‘ए प्लस’ श्रेणी दिली, समीक्षक काहीही म्हणोत. याउलट मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘सायलेन्स’वर (२०१६) चार कोटींहून अधिक खर्च झाला आणि जगभर मिळून अडीच कोटीही परत आले नाहीत. छळाखाली श्रद्धा सोडणाऱ्या जेझुइट धर्मगुरूची कथा पाहायला गाड्या भरून कोणी येत नाही. तेव्हा दोष निर्मात्यांच्या अकलेत कमी आणि तिकीट घेणाऱ्यांच्या मागणीत जास्त आहे.

जुना पडदा

मी ख्रिस्ती नाही, पण या विषयाचे आपल्यावर ऋण आहे. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी गिरगावात येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि तो पाहतानाच आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील या विचाराने त्यांना पछाडले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून आला.

या चर्चेत ‘ख्रिस्ती चित्रपट’ हा शब्दच गोंधळ करतो आहे. चर्चमार्फत विकला जातो तेवढाच ख्रिस्ती चित्रपट, अशी व्याख्या केली की तो वाईटच निघणार. कारण चांगले निघतात त्यांना आपण ‘अभिजात’ म्हणून वेगळ्या कपाटात ठेवतो. व्हॅटिकनने १९९५ मध्ये पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी काढली, तीत डॅनिश दिग्दर्शक ड्रायर यांचा ‘ऑर्डेट’ आहे, ‘बॅबेट्स फीस्ट’ आहे, आणि इटालियन दिग्दर्शक पासोलिनी यांचा बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानावरचा १९६४ चा चित्रपटही आहे. पासोलिनी मार्क्सवादी होते आणि निरीश्वरवादी होते. त्यांनी येशूच्या भूमिकेसाठी एक विद्यार्थी निवडला, वृद्ध मरियेच्या भूमिकेत स्वतःच्या आईला उभे केले आणि संवादांत पदरचे काही न घालता मत्तयाचे शब्द ठेवले. म्हणजे पैसा नव्हता, नट नव्हते, श्रद्धाही नव्हती! पाळकाच्या मुलाने बजेटची सबब फार ताणू नये, एवढेच सुचवतो.

साक्षीच्या मुद्द्यावर आपल्याच घरातला दाखला देतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हा निखळ भक्तिपट आहे. त्यात चमत्कार आहेत, सालोमालोसारखा एकरंगी खलनायकही आहे. पण त्यात जिजाई आहे. पोर आजारी पडल्यावर ती एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांनी तिला मूर्ख ठरवले नाही. चूल तिलाच पेटवायची असते, हे ते विसरले नाहीत. हा चित्रपट मुंबईत एका चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला, म्हणजे मागणीचा मुद्दाही इथे लंगडा पडतो.

पाळकाचा मुलगा

जिजाईचा दाखला बिनतोड आहे, आणि आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे तो पडद्यावर नसला तरी पुस्तकात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांचे पती नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतरानंतरची ताटातूट, स्वतः लक्ष्मीबाईंचे सोवळे-ओवळे हळूहळू गळून पडणे आणि टिळकांचा विक्षिप्तपणा, हे सगळे कुठेही प्रवचन न होता आले आहे. तेवढी मोकळीक अमेरिकी निर्मात्यांना जमत नाही, हे मान्य करतो.

पण २०१९ पासून येणारी ‘द चोझन’ ही मालिका तुम्ही कोणी पाहिलेली दिसत नाही. पहिल्या पर्वासाठी सोळा हजारांहून अधिक सामान्य लोकांनी मिळून एक कोटी डॉलर दिले. म्हणजे पैसा याच प्रेक्षकाचा. तिच्यात येशूचा शिष्य धाकटा याकोब लंगडत चालतो आणि एके दिवशी येशूला विचारतो, की तुम्ही मला इतरांना बरे करायला पाठवता, मग मला का बरे करत नाही? येशू त्याला बरे करत नाही. हा प्रसंग आमच्या तरुण संघात दाखवला, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. सगळ्यांना एकाच चाळणीतून गाळू नका, एवढेच माझे मागणे आहे.

वसईचा वारा

तो प्रसंग मी पाहिला आहे, आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे! तिथे प्रश्नाला प्रश्न म्हणून राहू दिले, म्हणून तो उभा राहिला. अटलांटाकरांच्या गणितालाही या मालिकेने थोडा छेद दिला, याची नोंद घ्यावी.

मला राहून राहून बायबलमधला, मुले आणि संपत्ती एकाएकी गमावलेल्या ईयोबाचा ग्रंथ आठवतो. ईयोबाचे मित्र येऊन त्याच्या प्रत्येक दुःखाचे सुबक कारण सांगतात. ‘गॉड्स नॉट डेड’मधल्या विद्यार्थ्यासारखी त्यांचीही उत्तरे तयार असतात. शेवटी परमेश्वर कोणावर रागावतो? भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर परमेश्वराचीच बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे वधस्तंभावरच्या येशूचे वाक्य ज्या शुभवर्तमानात आहे, त्याच्या नावाने काढलेल्या चित्रपटात एकालाही तसे ओरडता येऊ नये, हे मला खटकते.

पाळकाचा मुलगा

तोच ईयोब बेचाळिसाव्या अध्यायापर्यंत वाचा. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार झाले. गोड शेवट अमेरिकेने शोधून काढलेला नाही. तो पवित्र शास्त्रातच आहे, आणि आमच्या मंडळीतील थकल्याभागल्या माणसांना तो हवा असतो.

वसईचा वारा

मेंढरे दुप्पट झाली, हे खरे. मुले मात्र आधी दहा होती आणि नंतरही दहाच झाली. वादळात घराखाली सापडलेली पहिली दहा परत आल्याचे त्या अध्यायात कुठेही लिहिलेले नाही. ‘फायरप्रूफ’ काढणाऱ्यांनी ईयोबावर चित्रपट काढला, तर चौदा हजार मेंढरे पडद्यावर नक्की दिसतील. त्या घराच्या ढिगाऱ्याकडे ईयोब पुन्हा एकदा गेलेला दिसेल का, हे पाहायला मी तिकीट काढून येईन.