मटण खाणाऱ्याने एकदा तरी हरीण स्वतः मारावं का?

मॅडिसनकर (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारायचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात कोणी मीटिंग लावत नाही. पेट्रोल पंपावर, बँकेत, शाळेबाहेरच्या पार्किंगमध्ये जिकडे बघाल तिकडे भडक नारिंगी जॅकेटं. राज्यात या हंगामाची साडेपाच लाखांच्या आसपास लायसन्स खपतात. म्हणजे हा काही चार श्रीमंतांचा षोक नाही. प्लंबर जातात, नर्स जातात, शाळेतल्या बाईही जातात.

यंदा मीही गेलो. ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांची शेती आहे, तिथे. पांढऱ्या शेपटीची मादी मारली. फोटो टाकला नाही, नुसतं सांगितलं, तरी आमच्या मराठी ग्रुपवर जे महाभारत झालं त्यामुळे हा धागा काढतोय. दर रविवारी पावशेर जास्त घ्या म्हणणारे लोक मला 'कसं रे धजावलं तुला' विचारत होते. आई तर फोनवर गप्पच झाली. जिवंत खेकडे ती स्वतःच्या हाताने मोडते, पण 'हरणाला कोणी मारतं का?'

माझं म्हणणं सरळ आहे. जो बोकड-कोंबडी खातो त्याने एकदा तरी जनावर स्वतः मारावं, सोलावं, साफ करावं. नाही जमलं तर त्याने खाणं सोडावं असं मी म्हणत नाही. पण दुकानासमोर पाठ करून उभं राहायचं, 'पीस मध्यम करा' म्हणायचं, आणि ज्याने स्वतः मारलं त्याला क्रूर ठरवायचं, हे चालणार नाही.

आता अनुभवाबद्दल, कारण तेच सगळे विचारतात. इथे त्याला 'बक फीवर' म्हणतात. हरीण नजरेच्या टप्प्यात आलं की स्वतःच्या छातीचे ठोके कानात ऐकू येतात, गुडघे आपोआप हलतात, श्वासाने दुर्बिणीची काच धुरकट होते. वारा आपल्याकडून हरणाकडे असेल तर खेळ आधीच संपलेला असतो. मी बंदुकीची सेफ्टी (चाप अडवणारी कळ) सरकवली, बारीक 'टक्' झालं, आणि मादीने मान वर केली. पुढचा एक पाय जमिनीवर आपटला. परत आपटला. मग चरायला लागली. मी गोळी झाडली तशी ती मागचे पाय झाडून झुडपात पळाली.

मित्राचे वडील म्हणाले, अर्धा तास खाली उतरायचं नाही. लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उठून पळत सुटतं. नंतर रक्त बघायचं. गुलाबी फेसाळ असेल तर गोळी फुफ्फुसात लागलीय, जवळच पडलं असणार. काळपट लाल असेल तर यकृत. हिरवट आणि घाण वास आला तर पोट, मग कित्येक तास थांबायचं. फेसाळ होतं. त्या अर्ध्या तासात मला आनंद होत होता की मळमळत होतं, हे विचारू नका. दोन्ही होत होतं.

पोट उघडलं तेव्हा थंडीत भसकन वाफ आली. बोटं गारठून बधिर झाली होती, हात आत गेले आणि ऊब लागली. बरं वाटलं. मारण्यापेक्षा त्या बरं वाटण्याची मला जास्त लाज वाटली.

बोला आता.

खारं_वारं

सुंदर लिहिलंय आणि पूर्ण असहमत.

खाटीक मारतो तो त्याचा धंदा म्हणून. त्यासाठी तो सुट्टी टाकत नाही, जॅकेट विकत घेत नाही. तुम्ही पैसे भरून, अंधारात उठून, उत्सुकतेने गेलात. तुम्हाला मांस हवं होतं का? कोपऱ्यावरच्या दुकानात होतं. हवा होता तो अनुभव. त्या अनुभवाची किंमत मादीने दिली आणि निबंध तुम्ही लिहिलात.

आणि 'मारून बघितल्याशिवाय बोलू नका' हा कुठला न्याय? मी खाते, आणि मला ते पुरेसं अवघड वाटतं म्हणून मी आठवड्यातून एकदाच खाते. तेवढं कळायला मला कोणाच्या पोटात हात घालावा लागला नाही.

मॅडिसनकर

@खारं_वारं, अनुभव हवा होता, कबूल. पण खाटकाला मारताना काहीच वाटत नाही हे कोणी ठरवलं? आपण पैसे देऊन ते वाटणंही त्याच्यावर सोपवलंय, एवढंच. बोकड हाटेपासून टेम्पोत कोंबून येतो. त्या मादीचा शेवटचा मिनिटभर सोडला तर तिचं आयुष्य तिचं होतं.

खारं_वारं

'शेवटचा मिनिटभर सोडला तर'. हे वाक्य परत एकदा वाचा तुम्ही स्वतःच.

तूर_राखणारा

मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे तूर फुलोऱ्यावर आली की जागलीला जावं लागते. माळ्यावर बसा, डबे वाजवा, फटाके फोडा. रोही (नीलगायी) येतात, रानडुकरं येतात, एका रात्रीत अर्धा एकर साफ. नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा करा, वाट पहा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते बरोबरच झालं. रोही आणि डुकरासाठी परवानगी काढून मारायची सोय आहे, पण परवानगी काढणार कोण, बंदूक कोणाकडे, नेम कोणाचा? म्हणून धागाकर्त्याचा हेवा वाटला. एक लायसन्स, एक जनावर, घरी फ्रीज भरला, विषय संपला.

पण एक सांगतो. आमच्या गावात रोही विहिरीत पडला होता. दोर, बाज, ट्रॅक्टर घेऊन अख्खं गाव धावलं. त्याला वर काढला, त्याने लाथ मारून एकाला पाडलं, तरी सगळे टाळ्या वाजवत होते. तेच लोक आदल्या रात्री त्याच्या मायबापाचा उद्धार करत होते. तेव्हा 'थरथर' फक्त अमेरिकेतल्या सायबालाच होते असं नाही. मला बंदूक दिली असती तरी त्या दिवशी मी नसती उचलली. आणि दुसऱ्या दिवशी उचलली असती.

सुपीरियर_काठ

इथे थोडी माहिती घालतो, नाहीतर चर्चा फक्त मायेवर चाललीय.

१९०० च्या आसपास अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती, कारण बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी बेसुमार मारली. मग रानातल्या हरणाचं मांस विकायला बंदी आली, ठरलेले हंगाम आले, लायसन्स आली. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर कर आहे, आज तो ११ टक्के आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जायला लागला. आज हरणं कोटींत आहेत. गाड्यांना धडकून मरतात, आणि रोपं एवढी खातात की जंगलात नवी झाडं उभी राहत नाहीत. माणसाने मारलं नाही तर उपासमार आणि रोग मारतात. कर न भरता नुसतं हळहळणाऱ्यांनी याचा विचार करावा.

रानभूल

@सुपीरियर_काठ, अर्धीच गोष्ट सांगितलीत. हरणं वाढली, पण त्यांना खाणारे कुठे गेले? विस्कॉन्सिनमधले लांडगे माणसांनीच संपवले. १९६० च्या सुमाराला राज्यात एकही उरला नव्हता. सत्तरच्या दशकात ते मिनेसोटाकडून परत यायला लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांची शिकार खुली केली, तेव्हा राज्याने शिकाऱ्यांसाठी ११९ ची मर्यादा घातली होती. तीन दिवस पुरे व्हायच्या आत २१८ मारले. ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या वाट्याला ८१ होते, ते त्यांनी न मारायचं ठरवलं होतं. म्हणजे आधी चौकीदार हाकलायचा, मग 'चोर फार झाले हो' म्हणून आपणच काठी घ्यायची.

आणि संख्या कमी करायची असेल तर माद्या मारायला हव्यात. मग भिंतीवर टांगलेली ती नराची बारा टोकांची शिंगं कोणाच्या नियंत्रणासाठी? धागाकर्त्याने मादी मारली हे निदान प्रामाणिक आहे. बाकीच्यांनी 'पर्यावरण' हा शब्द जरा जपून वापरावा.

सुपीरियर_काठ

लांडग्यांच्या हंगामाबद्दल तुम्ही बरोबर, तो तमाशा होता. माझ्या ओळखीचे बरेच शिकारीही तेव्हा चिडले होते. पण लांडगे उत्तरेच्या आणि मधल्या भागातल्या जंगलात आहेत. मॅडिसनच्या आसपासच्या मक्याच्या शेतात त्यांना कोण राहू देणार? तिथे हरणाला दोनच शत्रू, गाडी आणि गोळी.

शिंगांवर गप्प बसतो.

मृण्मयी_के

सगळे तत्त्वज्ञानात रमलेत, मी अडचणींकडे येते, कारण आमच्या घरी हाच वाद चालू आहे. नवऱ्याला जायचंय.

पहिलं, एच-१बी वाल्यांनी नीट वाचा. ग्रीन कार्ड नसलेल्या, बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. त्याला एक अपवाद म्हणजे शिकारीचं वैध लायसन्स. म्हणजे आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राची बंदूक 'जरा धरून बघू' म्हणत लायसन्सशिवाय उचललीत तर व्हिसाचंही भजं होईल. आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा नंतर जन्मलेल्याला सुरक्षेचा कोर्स सक्तीचा आहे. नाहीतर अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर हवा.

दुसरं, जे कोणी लिहिलं नाही. आपण सावळी माणसं. अनोळखी रानात, हातात बंदूक. नोव्हेंबर २००४ मध्ये याच राज्यात एक हमोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला) शिकारी दुसऱ्याच्या खासगी जागेतल्या मचाणावर बसला होता, त्यावरून भांडण झालं, त्याने गोळ्या झाडल्या आणि सहा माणसं मेली. जानेवारी २००७ मध्ये खारी मारायला गेलेल्या दुसऱ्या एका हमोंग माणसाला एका गोऱ्या शिकाऱ्याने मारलं. नवरा म्हणतो ते जुनं झालं. असेल. पण त्याचा हात हरणाला बघून थरथरेल की नाही याची मला चिंता नाही. झाडाआडून दुसरा कोणी त्याच्याकडे बघत असेल, त्याचा हात थरथरतोय का, एवढंच मला कळायला हवंय.

मॅडिसनकर

मृण्मयीताई, हा मुद्दा मी लिहायला हवा होता. मी गेलो ते ओळखीच्या घरच्या जमिनीवर, मालक बरोबर. सरकारी रानात एकट्याने गेलो नसतो, आणि त्याचं कारण हरीण नव्हतं.

आजोबा_पुणे३०

ते कोर्समध्ये शिकवतात म्हणे, नेम धरलेलं नक्की काय आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे कळल्याशिवाय गोळी झाडू नये. दशरथ राजाने हा कोर्स केला असता तर श्रावणबाळ वाचला असता आणि रामायण बालकांडातच आटोपलं असतं. पांडूनेही जोडीत रमलेलं हरीण मारलं आणि जन्माची अद्दल घडली. आपल्या पुराणात हरणामागे गेलेला माणूस सुखाने घरी आलेला मला तरी आठवत नाही. अवांतराबद्दल क्षमस्व. चालू द्या.

डॉ_शिशिर

भावनांचं तुम्ही बघा, मी मांसाबद्दल बोलतो. विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये २००२ साली क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला, तोही मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेबजवळ. मेंदूचा रोग आहे, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. शिजवून, उकळून, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढून प्रायॉन मरत नाही. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोग निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नका असा सीडीसीचा (अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संस्थेचा) सल्ला आहे. तिथलं वन्यजीव खातं चाचणी फुकट करतं. डोकं दिलंत का?

दुसरं शिसं. साधी गोळी आत फुटते आणि बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात, डोळ्याला दिसत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेला हरणाचा खिमा याच कारणाने टाकून द्यायला सांगितलं होतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याची गोळी वापरा आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका.

मॅडिसनकर

डोकं दिलंय, रिपोर्ट यायचाय. तोवर सगळं फ्रीझरमध्ये. गोळी शिशाचीच होती, मालकांची. लहान मूल घरात आहे, त्यामुळे खांद्याचा भाग टाकतो.

खारं_वारं

म्हणजे रिपोर्ट वाईट आला तर अख्खी मादी कचऱ्यात? मग 'खाणाऱ्याने स्वतः मारावं' या तुमच्या मुद्द्याचं काय होणार? न खाताच मारलेली होईल ती.

मॅडिसनकर

हो. तसं झालं तर तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा मजबूत ठरेल. तरीही मारताना मला जे कळलं ते दुकानात कळलं नसतं, यावर मी ठाम आहे. रविवारी भावोजींनी मटण आणलं, पहिल्यांदाच मी हाडं वेगळी करताना ओळखत होतो की हे कुठलं. आईसुद्धा बोलली नंतर. विचारलं, 'त्रास नाही ना झाला तिला फार?' मी म्हटलं, 'थोडा झाला.' खोटं बोलायला जमलं नाही.

खारं_वारं

आईला खरं सांगितलंत हे मात्र आवडलं. पुढच्या वर्षी जाणार?

मॅडिसनकर

जाणार. मादीच. या भागातल्या लायसन्सबरोबर बिनशिंगी हरणाचे टॅग (मारायचे परवाने) मिळतातच. गोळी तांब्याची. तुम्ही शिकागोला असता ना? एकदा येऊन नुसत्या बसा मचाणावर. मारू नका, बघा. मग भांडू.

खारं_वारं

येते. कॉफी आणि घोंगडी तुमची. आणि तुम्ही सेफ्टीला हात लावलात की मी शिंकणार, आत्ताच सांगून ठेवते.